वाटेचा घास

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही उठून यावं. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. डोंगराची गोष्ट आहे, पण डोंगर तिच्यात थोडा आणि घराचा उंबरा फार. तुम्ही कान द्या, मी जीव ओतून सांगतो. शेवटी एक मागणं मागणार आहे, तेवढं मात्र नाही म्हणू नका.

रावेरकडे केळीच्या बागांत बुडालेलं एक गाव आहे. पितर जेवून गेले, की त्या गावातून भजनी मंडळ केदारनाथाला निघतं. पुढे गळ्यात वीणा घेतलेले पितांबर महाराज, आणि मागे ज्यांचे गुडघे अजून शब्द ऐकतात अशी सारी माणसं. निघताना गाव एक रीत पाळतं. यात्रेकरूला पाटावर बसवतात. घराघरातून एकेक जण येतं, त्याला पोटाशी धरतं, वरण-बट्टीचा एक घास त्याच्या तोंडात घालतं आणि त्याच्याच ताटातला एक घास आपण खातं. ह्याला म्हणतात वाटेचा घास. ज्याला जाता येत नाही त्याचं दर्शन त्या घासाबरोबर डोंगर चढतं, अशी भावना. म्हातारंकोतारं, लेकुरवाळी, शेंबडं पोर, कोणी मागे राहत नाही. मी स्वतः तो सोहळा पाहिला आहे हो. डोळ्यांना पाणी येतं.

मयुरी ह्याच गावची. डॉक्टर झाली, पण दवाखाना काही थाटला नाही. लडाखात जाऊन उंचावर माणसाचा श्वास का कोंडतो ह्याचा अभ्यास करत बसली, आणि आता धुळ्याला साथीच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. गावातल्या बाया विचारायच्या, "अव माय, डॉक्टरीन हायेस तं सुई काब्रं नाही देत?" त्यावर तिची आई कुंदाबाई म्हणायची, "ती सुई नाही देत, प्रश्न टोचते."

आणि तिला स्वतःला टोचलेला प्रश्न होता झुलालमामाचा.

झुलाल म्हणजे कुंदाबाईचा भाऊ, मंडळाचा पखवाजी. काय हात होता त्याचा! महाराज कीर्तनात पाय उचलायचे तो झुलालच्या थापेवर, आणि ठेवायचेही त्याच्याच थापेवर. ह्या गोष्टीच्या तीन वर्षं आधी तो मंडळाबरोबर केदारनाथाला गेला, दर्शन घेतलं, देवळाजवळच्या एका ओसरीत आडवा झाला तो उठलाच नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसांत पाणी भरलं. गावानं सांगितलं, भाग्याचा! देवाच्या दारात मरण आलं. त्याची बायको रुक्माबाई ह्या एका शब्दाच्या आधारावर उभी राहिली. डोळे पुसले, शेतात गेली, सुना-नातवंडांत रमली. कोणी हळहळलं तर म्हणायची, "देवानं बोलावून घेतला. बोलावनं आलं तं नाही म्हनता येते का?"

मयुरी तेव्हा लडाखातच होती. ज्या रोगावर ती दिवसरात्र डोकं खपवत होती त्याच रोगानं तिचा मामा न्यावा, हे तिच्या छातीत सलत राहिलं. तेव्हापासून तिला स्वस्थ बसता येईना. जेवताना उठायची, बोलताना मध्येच थांबायची. प्रश्न एकच. डोंगर सगळ्यांना सारखा, वाट सारखी, थंडी सारखी. बाजूच्या गावांचीही मंडळं जातात. मग आपल्याच गावची माणसं दरवर्षी वर पोचेपर्यंत धापा का टाकतात?

तिनं दोन वर्षं यात्रेकरूंच्या मागे लागून त्यांच्या नाकाघशाचे नमुने घेतले. निघण्याआधी घेतले, हरिद्वारला आपला माणूस पाठवून घेतले, आल्यावर घेतले. आणि उत्तर सापडलं ते डोंगरावर नव्हतं. ते पाटावर होतं.

तिसऱ्या वर्षी मंडळ निघण्याच्या आठवडाभर आधी ती गावात आली आणि मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात सगळ्यांसमोर उभी राहिली.

"तुमच्या बागेत ठिबक आहे ना?" तिनं विचारलं.

"हाये तं," नवल म्हणाला. झुलालच्या हाताखाली शिकलेला, आता पखवाज तोच वाजवायचा. जीभही पखवाजासारखी, दोन्ही बाजूंनी वाजणारी. "काब्रं, मयुरीताई, पाह्यजे का नळी?"

लोक हसले. मयुरीही हसली.

"नळीला खारीनं कुरतडलं असेल, तर पाणी हळू सोडलं की काही कळत नाही. पण दाब वाढवला की?"

"फुटते तिथूनच."

"तसंच आहे नवलभाऊ. उंचावर गेलं की छातीतल्या बारीक नळ्यांवर दाब येतो. धडधाकट माणूस तो सोसतो. पण अंगात ताप मुरत असेल, सर्दीखोकल्याच्या विषाणूनं नळ्या आतून कुरतडलेल्या असतील, तर त्या झिरपायला लागतात. फुप्फुसात पाणी भरतं. माणूस आपल्याच छातीत बुडतो." ती थांबली. पुढचं वाक्य तिनं धुळ्याहून येताना बसमध्ये किती तरी वेळा घोकलं होतं. "आणि तो ताप आपण त्यांना देतो. वाटेच्या घासाबरोबर. भादव्यापासून गावात पोरं खोकतात, बाया खोकतात. सगळं गाव एकेका माणसाला पोटाशी धरतं, एका ताटात खातं. हरिद्वारपर्यंत काही वाटत नाही. डोंगर चढायला लागतात तेव्हाच ताप डोकं वर काढतो. ह्या वर्षी घास नको, एवढंच मागायला आले आहे."

मग बायकांच्या बाजूनं रुक्माबाई उठली.

"म्हनजे माह्या घासानं गेला का तो?"

अभ्यासात ह्या प्रश्नाला उत्तर होतं. ते म्हणजे, एकेका घासाचा असा हिशोब लावता येत नाही. पण समोर मामी उभी होती, आणि मयुरीच्या तोंडून निघालं, "मामी, एकट्या तुमच्याच असं नाही..."

"एकट्या नाही," रुक्माबाई म्हणाली. "म्हनजे माह्या बी."

पदर सारखा करून ती मंडपाबाहेर गेली. तिच्यामागून कोणी तरी म्हणालं, "शिकून आली अन् मेलेल्या मानसाचं भाग्य बी हिसकून घेतलं." कुंदाबाई पोरीकडे बघेना, भावजयीच्या पाठमोऱ्या लुगड्याकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला महाराजांचं कीर्तन होतं. पितांबर महाराजांची एक खोड आहे, अवघड बोलायचं असलं की ते आधी शेतात शिरतात. म्हणाले, "औतावर माणूस आहे. बायको भाकरी घेऊन बांधावर आली. भूक त्यालाही आहे, माया तिलाही आहे. पण तास, म्हणजे औताची रेघ, अर्धा असताना ती औत थांबवते का हो? नाही थांबवत. पदरानं भाकरी झाकून उभी राहते. तास पुरा झाला, बैल वळले, की मग म्हणते, चला, जेवून घ्या. मंडळी, डोंगराची वाट हा तास आहे. तो पुरा होऊ द्या. घास आपला कुठं पळून चालला आहे? झाकून ठेवा. परत आल्यावर द्या."

टाळ वाजले, गजर झाला, आणि गावानं कुरकुरत का होईना मान डोलावली. ह्या वर्षी परतीचा घास. रुक्माबाई त्या कीर्तनाला आली नव्हती.

मयुरी तो आठवडा गावातच राहिली. शाळेत जाऊन पोरांच्या नाकात कापसाची काडी घालायची. पोरं तिच्या तोंडावर शिंकून खदाखदा हसायची. मंडळींना तिनं एक साधी परीक्षा शिकवली: रोज सकाळी काकड्याची एक ओळ म्हणायची, तीही एका श्वासात. ओळ मध्येच तुटली, तर त्या दिवशी पुढे पाऊल टाकायचं नाही. निघायच्या आदल्या दिवसापासून तिच्या घशात काही खरखरत होतं. बोलून बोलून घसा बसला असेल, धूळ गेली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि तोंडाला मास्क लावला.

निघायचा दिवस उजाडला. भुसावळ स्टेशनावर सोडायला टेम्पो ट्रॅव्हलर आली. गावानं शब्द पाळला. मधे एक दोर बांधला होता. दोराच्या अलीकडे गाव, पलीकडे यात्रेकरू. हात जोडलेले, डोळे भरलेले आणि मधे ती सहा हात मोकळी जागा. एक म्हातारी पुटपुटली, "असा निरोप असते का व? जसं काही गुरांचा बाजार."

त्या वर्षी कुंदाबाईही यात्रेला निघाली होती; ती सगळ्यांत शेवटी गाडीकडे गेली. पायरीवर एक पाय ठेवला, आणि वळली.

"मयुरी, इकडे ये."

मयुरी दोराखालून गेली. कुंदाबाईनं कनवटीची गाठ सोडून रुमालात बांधलेली बट्टी काढली.

"गावाचा घास नाही घेतला मी. कोनाचा नाही. पन लेकीचा घेते. तू तं डॉक्टर हायेस, तुह्या हाताले काय लागलं हाये?"

"आई, नको ना..."

"पहिल्यानं चालली मी. घासाशिवाय कोनी गेलं का ह्या गावातून?"

मंडळी, आता तुम्हीच सांगा, तिथं तुम्ही काय केलं असतं? मयुरीनं काय केलं ते सांगतो. तिनं मास्क खाली ओढला. बट्टी मोडली. एक घास आईच्या तोंडात घातला, आईनं उरलेला अर्धा तिच्या तोंडात. मग दोघींनी एकमेकींना असं धरलं, की हॉर्न वाजवून ड्रायव्हर थकला. दोराच्या मागून नवलची बायको मोठ्यानं म्हणाली, "पाह्य व! कायदा करनारीनंच मोडला." सगळं गाव हसलं. कितीतरी दिवसांनी हसलं. मयुरीही हसली, आणि हसता हसता खोकली.

धुळ्याची बस तिनं दुपारी पकडली. जळगाव गेलं, एरंडोल गेलं, आणि पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा भर उन्हात तिला हुडहुडी भरली. खिडकीची काच तिनं बंद केली. शेजारच्या माणसानं चमकून बघितलं. तेव्हा तिला कळलं. कळलं, पण मन कबूल करेना.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या बाहेरूनच तिनं प्रशीलला हाक मारली आणि आपल्या नाकाचा नमुना त्याच्या हाती दिला. प्रशील धुळ्याचा, तिचा सहकारी. सकाळी वंदना म्हणूनच कामाला हात लावणारा, कमी बोलणारा. एरवी तो छापील मराठी बोलायचा. फार आनंद झाला किंवा फार घाबरला, तरच त्याची अहिराणी बाहेर यायची. दुपारी त्याचा फोन आला.

"ताई," तो म्हणाला, "हाई बरं नही शे."

शाळेतल्या पोरांच्या नाकात सापडला तोच विषाणू. तिच्या नाकात. आणि आता गाडीत बसून उत्तरेकडे चाललेल्या तिच्या आईच्या घशात.

मंडळाचा एक नेम आहे. यात्रेत सगळ्यांचे फोन एका पिशवीत पडतात, आणि ती पिशवी संध्याकाळी हरिपाठ झाल्यावरच उघडते. मयुरीला हा नेम माहीत होता, तरी ती दुपारपासून फोन लावत राहिली. बंद. संध्याकाळी लागला, महाराजांनी नुसतं "बाळ" म्हटलं, आणि धावत्या गाडीनं आवाज गिळून टाकला. पुन्हा लावला. पुन्हा. त्यानंतर लागलाच नाही.

तिनं वाटेवरच्या आरोग्य शिबिराचा नंबर मिळवला. तिथला माणूस भला होता. म्हणाला, इथून रोज इतकी माणसं जातात, नावावरून एकीला कुठं शोधू? ती आमच्यापर्यंत आली तर नक्की तपासू. येईल का? आपली आई आपणहून दवाखान्याच्या दारात जाईल का? मयुरी खोलीत येरझाऱ्या घालू लागली. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, त्या भिंतीपासून ह्या भिंतीपर्यंत. अंगात ताप, डोळ्यांपुढे तो पाट, आणि कानात मामीचा आवाज: म्हनजे माह्या बी.

प्रशील दाराबाहेर खिचडीचा डबा ठेवून आतला पायरव ऐकत उभा राहिला. "ताई, बसा थोडं. फरशी झिजी जाई."

"प्रशील, मी त्यांना सांगत होते, प्रेमानं रोग पसरतो. सांगत होते, आणि..."

"तुमचा नमुना अभ्यासात धरायचा की वगळायचा?" त्यानं विषय बदलला. त्याला रडणाऱ्या माणसापुढे काय बोलावं ते सुचत नसे.

आत पावलं थांबली. "धर," ती म्हणाली. "घास देणारी म्हणून धर."

तिसऱ्या दिवशी हरिपाठ संपायची वेळ झाली, आणि फोन महाराजांकडूनच आला. मागे नदीचा मोठा घोष होता.

"बोल बाळ. गौरीकुंडाला पोचलो. पहाटे चढायचं. तुझे इतके फोन येऊन गेले, घरी सगळं ठीक ना?"

"महाराज, आई कशी आहे?"

"कुंदा? जरा गप्प आहे. गाडी लागली म्हणते."

मयुरीनं सगळं सांगितलं. घशाची खरखर, मास्क, घास, पारोळ्याची थंडी, प्रशीलचा फोन.

"घास दिलास ते मी पाहिलं होतं," महाराज म्हणाले. "मला वाटलं, चला, एकीची तरी वाट गोड झाली. मीही थांबवलं नाही गं. धर, तिला देतो."

"काब्रं घोर लावून घेतला?" कुंदाबाईचा आवाज आला. "मले काही नाही झालं."

"ताप आहे?"

"नाही."

"आई."

"होता जरासा. तूच दिली होती ना गोळी, गुडघ्याची, ती घेतली. उतरला."

मयुरीनं कपाळ भिंतीला टेकवलं. ती गोळी तापावरही चालते. ताप झाकायचं औषधसुद्धा तिनंच आईच्या पिशवीत बांधून दिलं होतं.

"आई, वर जायचं नाही."

"हे नको सांगू." आवाज कडक झाला. "देव मले घरीबी भेटते. मी देवासाठी नाही चालली. झुलाल ज्या ओसरीत पडला तिथं मले एकदा डोकं टेकवायचं हाये. त्याच्या उशाशी आपलं कोनी नव्हतं, मयुरी. बहीन नव्हती, बायको नव्हती. इतकी वर्षं निघते निघते म्हनता राहून गेलं. आता पायथ्याशी आली अन् तू म्हनते फिर?"

मयुरी हळूच म्हणाली, "बरं. काकड्याची ओळ म्हण. एका श्वासात. मी ऐकते."

"आता? भर संध्याकायी काकडा?"

"म्हण ना."

कुंदाबाईनं सूर लावला. तिचा गळा झुलालच्या घराण्यातला, गोड आणि थोडा रुंद. मयुरी लहानपणी त्याच सुरावर झोपायची. सूर चढला, वळणावर आला आणि तिथंच तुटला. मग खोकला. मग नदी.

"थंडी हाये इकडे," कुंदाबाई म्हणाली.

"आई, ऐक. तू वर गेलीस आणि काही झालं, तर गाव म्हणेल, कुंदा भाग्याची, भावाच्या वाटेनं गेली. सगळ्यांना तो शब्द पुरेल. पण मला नाही पुरणार. मामीनं मंडपात जे विचारलं ना, ते मला त्या दिवशी समजलंच नाही. आत्ता समजतंय. तो घास माझ्या हातचा होता, आई."

फोन कट झाला की काय, म्हणून तिनं तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता.

"गोड होता तुह्या हातचा घास," कुंदाबाई म्हणाली.

"आई..."

"थांब, बोलू दे. गोड होता. तो कडू नाही होऊ द्यायचा मले." आणि मग बाजूला वळून, "महाराज, तुम्ही व्हा पुढं. मी बसते इथं."

पण मंडळाचा दुसरा एक नेम आहे, सोबत सोडायची नाही. झुलालच्या वेळी त्याला ओसरीत निजवून सगळे आरतीला गेले होते. तेव्हापासून महाराजांनी हा नेम जास्तच घट्ट धरला होता. आता वारकऱ्याची वीणा जमिनीवर टेकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. महाराजांनी आपल्या गळ्यातली वीणा काढून नवलच्या गळ्यात घातली.

नवल पाया पडता पडता गोंधळला. "महाराज, तुमच्याबिगर मंडळ चढलं कधी?"

"मग आज चढेल. देव वर असेल तर तुला भेटेल, आणि इथं असेल तर मला."

पहाटे मंडळ वर गेलं. दिवस वर येतो न येतो तोच कुंदाबाईचा ताप भडकला. महाराजांनी तिला शिबिरात नेलं, ऑक्सिजन लावला, आणि तिथून गाडीनं खाली, आणखी खाली, ऋषिकेशच्या दवाखान्यात नेलं. छातीत कफ होता, पण पाणी झिरपलं नव्हतं. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "माताजी, वर गेला असतात तर तुमच्या घरी मला वेगळाच निरोप कळवावा लागला असता." महाराजांनी हे वाक्य मयुरीला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकून खाली बसली.

तिचा स्वतःचा ताप उतरला, नमुना पुन्हा तपासून झाला, प्रशीलनं "बठ्ठं बरं शे", म्हणजे सगळं ठीक आहे, म्हणून सांगितलं, तेव्हा ती गावी गेली. मंडळ त्याच दिवशी परतणार होतं. गावानं पाट मांडले होते. पण ती आधी रुक्माबाईच्या घरी गेली.

रुक्माबाई ओट्यावर लसणाच्या पाकळ्या सोलत बसली होती. मागे भिंतीला, खोळ घातलेला झुलालचा पखवाज.

"मामी, मी आजारी असताना आईला घास दिला."

"ठाव हाये मले. गावात फोन हायेत."

"तुम्ही मला विचारलं होतं. मी नीट उत्तर दिलं नाही."

"दिलं होतं. खरं दिलं होतं, म्हनून तं राग आला." रुक्माबाईनं सूप बाजूला सारलं. किती तरी वेळ ती बोटांना लागलेली सालं काढत राहिली. "तो आधीपासूनच खोकत होता, मयुरी. घासाच्या पहिलेपासून. रातभर अंग तापलेलं. मी म्हनलं, या वर्षी नको जाऊ. तं म्हने, माह्याबिगर ठेका कोन धरीन? कोनाले सांगू नको, रुक्मा, महाराज ठेवून घेतीन मले. नाही सांगितलं मी. गावाले वाटे देवानं बोलावला. मीबी तेच म्हनत राह्यली. म्हनता म्हनता मलेबी खरं वाटाले लागलं."

मयुरी तिच्याजवळ सरकली. "मग तुमचा घास नव्हता, मामी."

"नव्हता. पन गप्प बसनं माह्यं होतं."

मयुरीनं ते सूप आपल्याकडे ओढलं आणि लसूण सोलायला घेतला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, पोरं धावली, टाळ घुमू लागले. रुक्माबाई उठली. भिंतीवरचा पखवाज काढला, खोळीवरची धूळ पदरानं पुसली.

"चाल," ती म्हणाली.

परतीचा घास असा झाला, की जुन्या लोकांनीही कबूल केलं, हा चांगला. माणसं रापून, दमून, धडधाकट आली होती. त्यांना पोटाशी धरताना कोणाच्या मनात भीती नव्हती. कुंदाबाई बारीक झाली होती, पण तोंड तेच. लेकीला बघताच म्हणाली, "तुह्यापायी माह्या भावाची ओसरी राह्यली. फेडशीन कशी?"

नवल पुढे आला. "नाही राह्यली, आक्का. मी दोन जागी डोकं टेकवलं. एक देवापुढं, एक त्या ओसरीत. तिथं तुमचं नाव घेतलं." कुंदाबाईनं त्याच्या तोंडात असा मोठा घास कोंबला, की बडबड्या नवलला बराच वेळ बोलता येईना.

आणि मग रुक्माबाईनं पखवाज पाटावर ठेवला. रिकाम्या पाटावर, माणसासारखा. भर मंडपात, गावासमोर, तिनं जे मयुरीला सांगितलं होतं ते सांगितलं. आवाज कापला, पण थांबला नाही. शेवटी म्हणाली, "तो देवाच्या दारी गेला, ते मी मागं नाही घेत. पन त्याले घरी येता आलं असतं. पुढच्या खेपेले निघताना ज्याच्या अंगात कनकन असीन त्यानं लपवू नका. ठेका दुसरं कोनी धरते." मग नवलकडे बघून, "हा धरते. वाईट धरते, पन धरते."

आता सांगा, हसावं की रडावं? गावानं दोन्ही केलं.

तेव्हापासून त्या गावात मंडळ निघताना घास देत नाहीत. पाटावर पखवाज ठेवतात आणि यात्रेकरू एकेक करून त्यावर हात ठेवून आपल्या तब्येतीचं खरं सांगतात. गेल्या खेपेला पितांबर महाराजांनीच हात ठेवला आणि म्हणाले, मला खोकला आहे, मी येत नाही.

मयुरी? ती कसली स्वस्थ बसते! मामा आधीच आजारी होता, मग त्या वर्षी त्याच्या ताटातून किती जणांनी तो ताप उचलला असेल, हा नवा प्रश्न घेऊन ती परतीच्या घासाच्याच संध्याकाळी धुळ्याच्या बसला लागली. पारोळा आलं की अजूनही तिचा हात नकळत कपाळाकडे जातो, असं कुंदाबाई सांगते.

माझं मागणं राहिलं. तुम्ही कधी कुठं निघाल, देवाला, डोंगरावर, लग्नाला किंवा आजारी माणसाच्या भेटीला, आणि अंगात कणकण वाटेल, पण आपल्यावाचून अडेल म्हणून ती गिळून टाकावीशी वाटेल, तेव्हा क्षणभर झुलाल पखवाजीची आठवण काढा. मोठ्या गुणाचा माणूस होता. ठेका चुकू नये म्हणून त्यानं आपला श्वास लपवला. त्याचं नाव घ्या, आणि मग शेजारच्याला खरं सांगून टाका.